धाकट्याचा चाकू

कोल्हापूर,
रविवार, दुपार

तीर्थरूप आबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

धाकट्याला सैन्यात जवळ ठेवायला चाकू घेतला. परवा फोनवर आबा म्हणाले, "सरकारनं पोराच्या हातात बंदूक दिलीय, आता चाकू कशाला?" तेव्हा मी दुकानात उभी होते, गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. पण उसाच्या बिलातले पैसे तुम्ही विश्वासानं पाठवलेत. ते कशावर गेले आणि का गेले, हे तुम्हाला नीट कळलं पाहिजे, म्हणून पत्र लिहायला बसले.

आबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच ट्रंकेत आहे. आज्जांचा चाकू. दर खंडेनवमीला तुम्ही तो कोयत्या-खुरप्यांशेजारी मांडता, हळदकुंकू वाहता आणि परत फडक्यात गुंडाळून ठेवता. इटलीच्या लढाईतून आज्जा परत आले ते ती ट्रंक, एक कांबळं आणि हा चाकू घेऊन. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांच्या कनवटीला तो दोरीनं बांधलेला असायचा. काळी खरबरीत मूठ, एक पातं, एक डबा फोडायचं आणि पाठीमागं दाभणासारखा जाड सुळा. लढाईत त्यांनी त्याचं काय केलं ते कधी सांगितलं नाही. पण गावात तो दिवसभर चालायचा. पावसात भिजून आवळलेली गाडीच्या दोराची गाठ त्या सुळ्यानंच सुटायची. वहाणेचा अंगठा तुटला की चामड्याला भोक त्यानंच पडायचं. पेरू कापून पहिली फोड मला द्यायचे तीही त्याच पात्यावरून.

गेल्या दसऱ्याला मी तो हातात घेऊन नीट बघितला. पातं झिजून निम्म्यावर आलंय. मोडलेलं नाही, गंजून गेलेलं नाही. पन्नासेक वर्षं दगडावर घासून घासून बारीक झालंय. दुकानं फिरताना मला सारखं तेच पातं आठवत होतं. धाकट्याला असा चाकू द्यायचा, जो त्याला स्वतःच्या हातानं जिवंत ठेवता येईल.

सैनिकाचे दिवस काही सगळे गोळीबारात जात नाहीत. दोरी कापायची असते, रेशनचा डबा उघडायचा असतो, बॅगेचा पट्टा तुटला की भोक पाडून ओवायचा असतो, वायर सोलायची असते, संत्रं सोलायचं असतं. त्या वेळी शेजारी सुतार नसतो की चांभार नसतो. धाकट्यानं आपल्या उस्तादांना, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनाही विचारलं. ट्रेनिंग संपल्यावर स्वतःच्या सामानात छोटा चाकू ठेवायला हरकत नाही, असं ते म्हणाले. तो होकार आल्यावरच मी बाजारात पाऊल टाकलं.

पहिल्यांदा चुकले, ते सांगते. एका दुकानात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा मोठा चाकू दाखवला, वर 'आर्मी' असं छापलेलं. खटक्यानं उघडतो, पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र. दिसायला जोरदार आणि स्वस्त. मी घेतला. मग मनात आलं, आपण कारखान्यात रोज दुसऱ्यांच्या लोखंडाची परीक्षा करतो, हा का सोडायचा? शिरोलीला आमच्या लॅबमध्ये कडकपणा मोजायचं रॉकवेल यंत्र आहे. हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भारानं पोलादात दाबायचं, ते किती आत गेलं त्यावरून आकडा येतो. सुपरवायझर साहेबांना विचारून तो चाकू यंत्राखाली धरला. आकडा आला ४७. आबा, एवढ्या मऊ पात्याला धार लावली तरी टिकत नाही. चार दोऱ्या कापल्या की धार मुडपून एका बाजूला वळते. वर मुठीतलं ते होकायंत्र उत्तर दाखवेना. तो चाकू परत केला नाही. लॅबमध्ये नव्या पोरांना दाखवायला ठेवलाय.

दुसऱ्या टोकाचेही चाकू आहेत. डी-टू नावाचं पोलाद असतं, त्याच्या पात्याचा आकडा साठच्या आसपास जातो. महिनोन् महिने धार जात नाही. पण गेली की साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची पट्टी लागते, शिवाय कडा कठीण जागी आपटली तर तिचे बारीक टवके उडतात. डोंगरावरच्या चौकीत पोरगं हिऱ्याची पट्टी कुठून आणणार? मला पाहिजे होतं मधलं. नदीतल्या गुळगुळीत गोट्यावर, चहाच्या कपाच्या बुडाला जी खरबरीत कडा असते तिच्यावरसुद्धा, पाच-दहा मिनिटांत परत कापायला लागेल असं.

एक फ्रेंच चाकू मला फार आवडला होता, ओपिनेल. १८९० पासून बनतो. लाकडी मूठ, मानेला फिरणारी कडी. पातं उघडून कडी फिरवली की ते मिटत नाही. त्या लाकडावर नाव किती छान उठलं असतं! पण ओल लागली की ते लाकूड फुगतं आणि पातं आतच आवळून बसतं. गगनबावड्याच्या पावसात आपल्या घराची दारं कशी अडकतात ते आईला सांगायला नको. उद्या धाकट्याची बदली ईशान्येकडं झाली तर तिथला पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही. म्हणून मन घट्ट करून तो खाली ठेवला.

शेवटी घेतला तो स्विस चाकू. विक्टोरिनॉक्सचा 'पायोनियर'. लाल मुठीचा नव्हे, ते लाल प्लॅस्टिक ओरखडतं, तडकतं. ह्याच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या नक्षीदार पट्ट्या आहेत. मिटल्यावर ९३ मिलिमीटर, म्हणजे आबांच्या चंचीत मावेल एवढा, आणि वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. एक मोठं पातं, भोक पाडायची आर, डबा उघडायचं, बाटली उघडायचं. त्या शेवटच्या दोघांच्या टोकांना पेचकस. बस, एवढंच. ह्याला न गंजणारं पोलाद वापरतात आणि कंपनी पात्याचा आकडा ५६ सांगते. माझ्या यंत्राखाली हा घातला नाही, हिऱ्याचा ठसा उठला असता.

हा चाकू मुळात सैनिकासाठीच जन्माला आला. १८९१ साली कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. तेव्हाही त्यात चारच गोष्टी होत्या: पातं, आर, डबा फोडायचं आणि पेचकस. पेचकस कशाला, तर त्या सैनिकांची नवी रायफल उघडून साफ करायला. आणि आई, हे खास तुझ्यासाठी. त्याची आई १९०९ मध्ये वारली. तिचं नाव विक्टोरिया. त्यानं आपल्या चाकूंना तिचंच नाव दिलं. पुढं १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' त्या नावाला जोडलं गेलं, त्याचं झालं विक्टोरिनॉक्स. आईचं नाव असलेला चाकू पोराच्या खिशात जाणार, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

ह्याच्यात उणं काही नाही असं मी म्हणत नाही. पातं नखानं उघडावं लागतं, म्हणजे थंडीत जाड हातमोजे असले की अडचण. कडाक्याच्या गारठ्यात उघड्या हातानं धातू धरला तर कातडी चिकटते, तेव्हा बर्फात तो आतल्या पातळ मोज्यावरच धरावा लागेल. आणि पात्याला कुलूप नाही, आतली पट्टीच त्याला दाबून धरते. टोकानं खुपसायचं काम ह्याच्यानं करायचं नाही, बोटावर मिटतो. हे सगळं मी त्याला बसवून सांगणार आहे. तरी मला कुलपाचा नको होता, कारण त्या खाचांत वाळू-माती बसली की कुलूप अर्धवट लागतं, आणि लागलंय असं वाटून माणूस बेसावध राहतो. माझ्या मते ते जास्त वाईट.

आई, तू डबीतून खोबरेल पाठवू नकोस. मला माहीत आहे तुझं पहिलं तेच डोक्यात येईल. खोबरेल पंचविशीच्या खाली उतरलं की थिजतं, आपल्याकडं डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते, मग काश्मिरात काय होईल? सांध्यात शिवणयंत्राचं तेल, एकच थेंब, आणि पातं कोरडं पुसून ठेवायचं. तेलाची छोटी बाटली मी घेतलीय. कायद्याचंही बघितलं. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याला परवाना लागतो, हे त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. विमानानं गेला तर मात्र हातातल्या बॅगेत चालत नाही, खालच्या सामानात टाकायचा.

आता नाव घालायचं. ह्याच गोष्टीवर मी आठवडाभर विचार करतेय.

आबा, तुम्ही म्हणालात पलटणीचं नाव घाला आणि खाली घोषणा. मराठा लाईट इन्फंट्रीचा अभिमान मलाही आहे. १७६८ पासूनची पलटण, आज्जा तिच्यात होते, आता धाकटा तिच्यात. पण पलटण, नंबर, ठिकाण यातलं काही चाकूवर नको. चाकू कधीतरी हरवतोच. तो परक्याच्या हाती पडला तर आपल्या पोराचा ठावठिकाणा त्याला कशाला कळायचा? आणि घोषणा हजार गळ्यांतून एकदम निघते तेव्हाच तिचा दणका असतो. एकटा असताना, रात्री पहाऱ्यावर खिशात हात घातला की त्याला घरचं काहीतरी लागलं पाहिजे.

तुझी लग्नातली भांडी आठवली, आई. 'मामाकडून सप्रेम', 'आत्याबाईंकडून', तारखेसकट, टिंबाटिंबांनी कोरलेली. अजून पातेलं उपडं घातलं की मामा आठवतात. तसंच काहीतरी हवं होतं. गुजरीतल्या एका कारागिराला विचारलं. ते म्हणाले, चांदीवर हवं ते काढून देतो, पण ह्या पात्यावर माझी कलम चालणार नाही, कलमच बोथट होईल. मग कुस्तीच्या, फुटबॉलच्या चषकांवर नावं घालणाऱ्या दुकानात गेले. त्यांच्याकडं लेसरचं मशीन आहे. ते म्हणाले, पात्यावर नकोच. धार लावताना घासून जाईल. मुठीच्या पट्टीवर नक्षीच्या मधे एक छोटी सपाट जागा नाव घालायलाच सोडलेली आहे, तिथं घालू. मी एकच अट घातली, नुसता वरचा रंग जाळायचा नाही, बोटाला खाच लागेल एवढं खोल पाहिजे. वरवरचं खिशातल्या नाण्यांनी वर्षभरात पुसून जातं. धाकट्याची अग्निवीराची चार वर्षं आहेत. पुढं ठेवून घेतलं तर उत्तमच, नाही तर चार वर्षांनी वर्दी उतरेल. चाकू उतरायचा नाही. चाळीस वर्षांनीही त्यावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

जागा करंगळीच्या नखाएवढी उंच. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार. अक्षर बारीक केलं की अनुस्वार भरून जातो आणि वेलांट्या एकमेकींत मिसळतात. म्हणजे दोन लहान शब्द बसतील, जास्त नाही.

मग मला शब्द सापडले. आई, ते तुझेच आहेत. आमच्यापैकी कुणीही उंबऱ्यातून "जातो" म्हटलं की तू हातातलं काम टाकून ओरडतेस, "जातो काय? येतो म्हण!" धाकटा भरतीला निघाला त्या पहाटे तो गडबडीत "जातो गं" म्हणाला, आणि तू त्याला एस्टीच्या पायरीवरून खाली उतरवलंस, "येतो" म्हणायला लावलंस, तेव्हाच चढू दिलंस. कंडक्टर थांबला होता तोवर. तेच दोन शब्द घालायचे.

मी दुकानात ते लिहून दिले. त्यांनी संगणकावर सुबक अक्षरांत काढून दाखवले. छान होते, पण कुणाचेच नव्हते. ते म्हणाले, हातानं लिहिलेल्याचा फोटो दिलात तर तसंच्या तसं उतरवतो. तेव्हा मला बचत गटाच्या वहीतली तुझी सही आठवली. आधी सगळी अक्षरं मांडतेस आणि मग वरून एका दमात रेघ ओढतेस.

म्हणून आई, तुला एक काम आहे. कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं, ठळक, 'येतो म्हन' असं पाच-सहा वेळा लिही. तू बोलतेस तसा न असू दे, ण करू नकोस. शेजारच्या मास्तरांना दाखवून दुरुस्त करून घेऊ नकोस. "माझं अक्षर वाईट" म्हणून आबांकडूनही लिहून घेऊ नकोस, मला दोघांचं अक्षर ओळखता येतं. उजेडात, अंगणात, कागदाच्या बरोबर वरून फोटो काढून बुधवारपर्यंत पाठवा. गुरुवारी दुकानात दिला की शनिवारी चाकू मिळेल.

ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात त्या कसम परेडसाठी तुम्ही शनिवारी दुपारच्या एस्टीनं इकडं या. पहाटे चारला आपण बेळगावला निघू, दोन-अडीच तास लागतील. तू म्हणतेस तसं धारेची वस्तू कुणी कुणाच्या हातात द्यायची नाही. चाकू ताटात ठेवायचा, कुंकवाचं बोट लावायचं आणि त्यानं तो उचलायचा. आबा, आज्जांचा चाकूही फडक्यासकट आणा. धार लावू नका त्याला, आहे तसाच आणा. दोन्ही एका ताटात ठेवू.

तुमची लेक