ताई, त्या पेपर टॉवेलवरच्या हिशोबासाठी थँक्यू

ताई,

व्हॉट्सॲपवर हात जोडलेले टाकून भागणार नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण सहन करा.

गेल्या वर्षी मी ४६ ची झाले. मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेला, ह्यूस्टनला आल्यावर एनक्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा दिली, मग रडतखडत बीएसएन, म्हणजे नर्सिंगची डिग्री उरकली आणि तेव्हापासून नाइटच. पाठ बोलायला लागली तेव्हा वाटलं पुढे शिकावं, पण नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) का फिजिशियन असिस्टंट (पीए) हेच ठरेना, दोघंही डॉक्टरसारखे पेशंट तपासून औषधं देतात. घरी तर "आता या वयात कशाला" सुरूच. आणि खरं सांगू, मला फिजिशियन असिस्टंटच व्हायचं होतं, कारण काय तर तुम्ही पीए आहात!

त्या रात्री तीनला ब्रेक रूममध्ये तुम्ही मेथीच्या पराठ्यांचा डबा उघडलात, अर्धे माझ्यापुढे सरकवलेत आणि पेपर टॉवेलवर मधोमध रेघ मारलीत. म्हणालात, दोन्ही १९६५ सालच्या, पीए ड्यूक युनिव्हर्सिटीची, एनपी कोलोराडो युनिव्हर्सिटीची, जुळ्या बहिणी पण सासरं वेगळी. मग एकदम, "घराचा हप्ता कोण भरतं गं?"

निम्मा मी भरते. तिथेच अर्धं उत्तर आलं. पीए म्हणजे साधारण सव्वादोन वर्षं फुल टाइम, नोकरी विसरा, त्याआधी केमिस्ट्री, मायक्रो परत करा कारण बऱ्याच ठिकाणी फार जुने विषय धरत नाहीत, माझे तर २००० सालचे. एनपी पार्ट टाइम होतं, नोकरी चालू ठेवून.

पण तुम्ही एनपीची जाहिरातही नाही केलीत. पीएला डिपार्टमेंट बदलता येतं, गुडघे गेले तेव्हा तुम्ही ऑर्थोची ओटी सोडून मेडिसिनला आलात, एनपीला मात्र फॅमिली, पीडियाट्रिक, सायकियाट्री काय ते आधीच ठरवा, नंतर बदलायचं तर परत कोर्स. आणि वर, "ॲरिझोनातल्या एनपीसारखं स्वतःचं क्लिनिक टाकायची स्वप्नं इथे टेक्ससमध्ये बघू नकोस, डॉक्टरशी करार लागतो."

सगळ्यात मोठे उपकार त्या फोनचे. एका कॉलेजचा फॉर्म मी भरतच होते, तुम्ही म्हणालात आधी त्यांना फोन करून विचार, क्लिनिकलला प्रीसेप्टर, म्हणजे पेशंटसोबत काम करताना हाताखाली घेऊन शिकवणारा, ते देणार का तू शोधायचास. फोनवरच्या बाईंनी तीनदा विषय बदलला, चौथ्यांदा म्हणाल्या स्टुडंटने शोधायचा. नोकरी करून मी दारोदार कुठे फिरणार होते? आता जिथे घेतलंय तिथे ते स्वतः लावून देतात, फी जास्त आहे, हे अजून कुरकुरतात, कुरकुरू देत.

ऑगस्टपासून फॅमिली एनपी सुरू झालंय. फार्माकॉलॉजीच्या पहिल्या टेस्टला ८१ पडले, लेकीने हाय फाइव्ह दिला.

तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणते, रिकामा नाही, पुरणपोळ्या घालून.