तो फ्यूज पास कोणी केला?

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

स.न.वि.वि. काल आपल्या खात्याचं पत्र मिळालं. माझ्या मुलाच्या अपघाताचा चौकशी अहवाल माहिती अधिकाराच्या कलम ८ नुसार, देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव देता येणार नाही म्हणे. मुलगा तोफखान्यात आहे. सरावात गोळा नळीबाहेर पडता पडताच फुटला. उजवा डोळा गेला, उजव्या हाताची तीन बोटं गेली. इस्पितळात आलेल्या साहेबांनी त्याच्या उशाशी उभं राहून शब्द दिला होता, "अहवाल आला की पहिली प्रत तुम्हाला."

मी आयुष्यभर लेथवर काम केलंय. फ्यूज, म्हणजे गोळा योग्य वेळी फोडणारा त्याच्यातला भाग, कसा चालतो हे समजून घ्यायला मला जड गेलं नाही. गोळा सुटताना त्याला जबर धक्का बसतो, नळीतल्या आट्यांमुळे तो गरगरा फिरू लागतो. हा धक्का आणि ही फिरकी, दोन्ही मिळाल्याशिवाय फ्यूजमधली कुलपं उघडता कामा नयेत. तोवर डेटोनेटर, म्हणजे स्फोटाची पहिली ठिणगी देणारा तुकडा, मुख्य दारूच्या रेषेतून बाजूला वळवलेला असतो, चुकून उडालाच तरी आग पुढे जाऊ नये म्हणून. गोळा तोफेपासून पुरेसा लांब गेला की मगच डेटोनेटर रेषेत येतो. सगळी यंत्रणा मुठीत मावेल एवढी. त्यात एक स्प्रिंग कमजोर निघाली, एक पिन आखूड निघाली तर काय होतं ते माझ्या घरात येऊन बघा. प्रत्येक गोळ्यावर लॉट नंबर असतो. तो लॉट कोणी बनवला, कोणी तपासला, कोणी सही केली, एवढंच मी विचारलं. यात शत्रूच्या उपयोगाचं काय आहे?

२०१७ साली कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, लिहिलं की लष्कराकडच्या मोठ्या कॅलिबरच्या दारूगोळ्यापैकी ८३ टक्के फ्यूजअभावी लढाईत वापरण्याजोगा नाही. २०२० साली लष्कराच्याच अंतर्गत अहवालातला आकडा वर्तमानपत्रांत आला, सदोष दारूगोळ्यापायी ९६० कोटी पाण्यात. पुढच्या वर्षी दारूगोळा बनवणारं सरकारी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या. १० ऑक्टोबर २०२४ ला देवळालीत तोफेच्या सरावात दोन अग्निवीर गेले, विशीतली पोरं.

माझा मुलगा आता डाव्या हातानं जेवायला शिकतोय. शर्टाची बटणं त्याची आई लावते. लग्नाची बोलणी थांबली, आता घरात तो विषय कोणी काढत नाही. रात्री तो जागा असतो आणि आम्हीही जागेच असतो. आपल्या पत्रात याला 'किरकोळ तांत्रिक बिघाड' म्हटलंय.

सर्वांत स्वस्त निविदा मंजूर करताना कागदावर दहा सह्या असतात. माल फसला की त्यातली एकही सही कोणाची नसते. पूल पडो, औषध बाधो, गोळा फुटो, या देशात जबाबदार माणूस कधी सापडतच नाही. मरणारा मात्र लगेच सापडतो, त्याचा नंबर त्याच्या गळ्यात असतो.

त्या लॉटमधले उरलेले गोळे बाजूला काढले का, हे आधी सांगा. मग तपासणीचा कागद आणि पास करणाऱ्याचं पद कळवा. उत्तर खात्याच्या शिक्क्यानं नको, आपल्या सहीनं हवं.

एका तोफचीचा बाप