निफाडच्या आप्पांचे जाहीर आभार

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर ‘त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही विषय कांद्याच्या भावावर नेला असता. म्हणून हे चारचौघांत.

नर्सरीवाला ‘कडाक्याची थंडी सोसणारं कलम’ म्हणून सफरचंदाचं रॉयल डिलिशस वाण गळ्यात मारत होता. तुम्ही फोनवरच अडवलंत. ते झाड थंडीत मरणार नाही, पण थंडी मिळाल्याशिवाय फुलणारही नाही. त्याला ७ अंशांखालचे हजारेक तास लागतात. निफाडचा पारा पहाटे कितीही उतरला तरी दुपारी ऊन चटकतंच, मग ते तास भरणार कसे? त्याऐवजी कमी थंडीत फळणारं ‘अ‍ॅना’ लावायला सांगितलंत आणि परागासाठी जोडीला ‘डॉर्सेट गोल्डन’. हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी तयार केलेल्या एचआरएमएन-९९ या कमी थंडीच्या सफरचंदाचं नावही तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही घरचं कार्य असल्यासारखे खूश होतात!

काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून उंच वरंबा करायला लावलात, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवलात. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. खरी करामत डिसेंबरात. पाणी तोडून झाडाला ताण दिलात आणि हिरवीगार पानं हातानं ओरबाडायला सांगितलीत. शेजारच्या काकू कळवळल्या, ‘अगं, चांगलं झाड का भादरतेस?’ पण इथे पानगळ आपसूक होत नाही, झाड झोपतच नाही. त्याला झोपवावं लागतं. सरळ वर पळणाऱ्या फांद्या तुम्ही सुतळीनं आडव्या बांधल्यात, म्हणजे वाढीचा जोर ओसरून फुलांचे डोळे धरतील. छाटलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. माझ्या मते हे सगळं द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत मुरलेल्या माणसालाच सुचावं.

फेब्रुवारीत फुलं आली, जूनच्या तोंडाशी फळं उतरली. काश्मीरच्या फळाचा रंग नाही, जरा आंबटसरही आहेत, पण करकरीत! तुमच्याकडे पाठवलेल्या पिशवीतली नातवानं वाटेतच संपवली, असं वहिनी म्हणाल्या.

यंदा डॉर्सेटच्याही फांद्या वाकवायच्या आहेत. कात्री आणू नका, मी नवी घेतलीय. जेवायलाच या.

आपली नम्र,
गंगापूर रोडवरची बागवाली