‘डाउनलोड पूर्ण’ म्हणता, तर फाइल दाखवा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अपडेटनंतर फाइल मॅनेजरमध्ये डाउनलोड केलेल्या फाइल्स न दिसणे आणि हेल्पलाइनवर झालेला अपमान

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ता ठेवला आणि लगेच मेसेज आला, की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. ती सोडवलेली नाही. ज्या अ‍ॅपबद्दल ती आहे ते अ‍ॅप तुमचं आहे, फोनबरोबर तुम्हीच घालून दिलेलं आहे आणि ते काढूनही टाकता येत नाही, म्हणून त्याची ओळख करून देत बसत नाही. गेल्या अपडेटमध्ये त्याच्या पहिल्या पानाचं काय केलंत ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी तिथे ‘अंतर्गत स्टोरेज’ समोर होतं, त्यावर बोट ठेवलं की सगळे फोल्डर दिसायचे. आता वर रंगीत चौकोन, मध्ये जाहिरात, आणि ‘डाउनलोड’ नावाच्या चौकोनात फक्त तुमच्या स्वतःच्या ब्राउझरने उतरवलेल्या फाइल्स. क्रोममधून घेतलेली मालमत्ता कराची पावती तिथे नाही. जीमेलमधून उतरवलेली पीडीएफ तिथे नाही. वर ‘डाउनलोड’ असं नाव आणि खाली ‘एकही फाइल नाही’.

‘एकही फाइल नाही’ हे वाक्य खोटं आहे. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे आणि ते खरं मानून तुमची माणसं माझ्याशी जे बोलली त्याबद्दल आहे.

मी नौपाड्यातल्या एका जुन्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. इमारतीला 30 वर्षं उलटली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या इमारतीचं ऑडिट झालं, त्याचा अहवाल अभियंत्यांनी विशेष सर्वसाधारण सभेच्या आदल्या संध्याकाळी ईमेलने पाठवला. फोटो आणि तक्ते धरून मोठी पीडीएफ होती. आमची सभा खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत भरते आणि तिथे नेटवर्क धड मिळत नाही. म्हणूनच मी ती आदल्या रात्री घरी बसून फोनवर उतरवून ठेवली. ‘डाउनलोड पूर्ण’ अशी सूचना आली, ती मी डोळ्यांनी पाहिली.

सभेत एका सभासदाने विचारलं, की मागच्या बाजूच्या कॉलमबद्दल अहवालात नेमकं काय म्हटलंय ते वाचून दाखवा. मी तुमचं अ‍ॅप उघडलं. ‘एकही फाइल नाही.’ पुन्हा उघडलं, तेच. ईमेल उघडायला गेलो तर चाक नुसतं फिरत राहिलं. ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाचा विषय निघाला की माणसं एकमेकांकडे कोणत्या नजरेने बघतात हे तुम्हाला माहीत नसेल तर इथे येऊन बघा. मागून कोणीतरी बोललं, “रिपोर्ट आहे की नाही? की आम्हाला दाखवायचा नाही?” सभेचं चित्रीकरण चालू होतं. ते वाक्य आणि हातात फोन घेऊन चाचपडणारा मी, दोन्ही त्यात आहोत. जिने चढून वर गेलो, घरच्या वायफायवर ईमेल उघडली, प्रिंट काढून खाली आणली, तोवर निम्मे लोक उठून गेले होते. गणपूर्ती मोडली, ठराव पुढे गेला. वर्षानुवर्षं पैशापैशाचा हिशोब ठेवून कमावलेला विश्वास तुमच्या त्या रिकाम्या पानामुळे डळमळला. या गोष्टीची भरपाई कशी करणार, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

दुसऱ्या दिवशी फोन केबलने संगणकाला जोडला. फोनवर यूएसबीचा पर्याय आला, त्यात ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं आणि अंतर्गत स्टोरेजमधलं ‘डाउनलोड’ नावाचं फोल्डर उघडलं. अहवाल तिथे होता. मालमत्ता कराच्या पावत्या तिथे होत्या. एकाच पावतीच्या नावापुढे कंसात एक, दोन, तीन लागलेल्या प्रतीही तिथे होत्या, कारण फाइल दिसत नाही म्हणून माणूस ती पुन्हा उतरवतो आणि क्रोम प्रत्येक वेळी नवी प्रत ठेवतो. सगळं जागेवर होतं. हरवलं काहीच नव्हतं.

यापुढचा भाग नीट वाचा. त्याच आठवड्यात तुमच्या फोनने मला स्वतःहून सूचना दिली, की जागा भरत आली आहे, सफाई करा. मी ती उघडली. ‘न वापरलेल्या मोठ्या फाइल्स’ या यादीत सगळ्यात वर आमचा ऑडिट अहवाल होता, पुढे बरोबरची खूण आधीच केलेली, खाली ‘हटवा’ असं बटण. म्हणजे तुमच्या ज्या अ‍ॅपला तो मला दाखवता येत नव्हता, त्याच अ‍ॅपला तो पुसण्यासाठी बरोबर सापडला. मी न बघता बटण दाबलं असतं तर? माझ्यासारखे किती लोक ते रोज दाबत असतील?

गोखले रोडजवळच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेऊन उलटसुलट केला, पिन विचारला आणि सॉफ्टवेअर नव्याने टाकून देतो म्हणाला. वर ‘डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही’ असा फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला. फॅक्टरी रीसेट केला की फोनच्या अंतर्गत मेमरीतलं सगळं जातं. फाइल दिसत नाही या तक्रारीवर सगळ्या फाइल्स पुसणं हा उपाय तुमच्या अधिकृत केंद्रात दिला जातो. मी पिन दिला नाही, सही केली नाही, फोन घेऊन बाहेर पडलो.

आता आजच्या फोनबद्दल.

पहिल्यांदा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, विचारला. पंधरा अंक सांगितले. मग फोन दुसरीकडे जोडला, तिथे तेच पंधरा अंक पुन्हा. माझ्या आधीच्या तक्रारींची नोंद तिथल्या माणसासमोर असेल असं मी धरून चाललो होतो, ती नव्हती. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यावर पहिलं वाक्य आलं, “काका, फाइल डाउनलोड झालीच नसेल.”

मी म्हटलं, झाली आहे. संगणकाला जोडल्यावर ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये दिसते.

“मग संगणकावरच बघा ना, काका.”

मी म्हटलं, फोन मी तुमच्याकडून घेतलाय आणि फाइल फोनमध्ये आहे. मला ती फोनवर बघायची आहे. तुमच्या अ‍ॅपमधून ‘डाउनलोड’ फोल्डर उघडायचा रस्ता कोणता, एवढंच सांगा.

होल्डवर ठेवलं. बराच वेळ तीच धून. परत आला तो म्हणाला, “तुम्ही चुकून डिलीट केली असेल. या वयात होतं असं.”

मी विचारलं, डिलीट झालेली फाइल केबल लावल्यावर दिसेल का?

याला उत्तर नाही. थोडं थांबून म्हणाला, “घरात कोणी तरुण आहे का? मुलगा, सून, नातू? त्यांच्याकडे फोन द्या, मी त्यांना समजावून सांगतो.”

मी म्हटलं, तक्रार माझी आहे, मला सांगा.

“तुम्हाला नाही कळणार काका, टेक्निकल आहे.”

काय टेक्निकल आहे ते सांगा, असं मी म्हटलं. आवाज चढवला नाही, याला माझी पत्नी साक्षीदार आहे, ती समोरच बसली होती. तो म्हणाला, “हे गुगलचं आहे, अँड्रॉइडची सिक्युरिटी आहे. आम्ही काही करू शकत नाही. फोन रीस्टार्ट करून बघा. अजून काही मदत हवी आहे का?” आणि पाचपैकी किती गुण द्याल ते विचारणाऱ्या यंत्राकडे मला सोपवलं.

या वयात. मी निवृत्तीपर्यंत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसच्या नोंदी सांभाळल्या. कपाटात आलेल्या प्रत्येक नकाशाला क्रमांक, सुधारणेचं अक्षर आणि खण ठरलेला असायचा आणि वर्कशॉपमधून कोणीही मागितला तरी तो हातात पडायचा. नकाशा आत घेतला आणि कुठे ठेवला ते सांगितलं नाही, तर ते काम करणाऱ्याला तिथे कोणी ठेवलं नसतं. तुमचं अ‍ॅप तेच करतं आणि जाब विचारणाऱ्याला तुमचा माणूस वय दाखवतो. मला नातवाकडे फोन द्यायला सांगता? फाइल शोधून काढली ती मी, नातवाने नाही.

‘अँड्रॉइडची सिक्युरिटी’ हे उत्तर तुम्ही व्यवस्थापक म्हणून मला देऊ नका. 2019 मध्ये अँड्रॉइड 10 आलं तेव्हापासून एका अ‍ॅपने दुसऱ्या अ‍ॅपच्या फाइल्समध्ये मनमानी हात घालू नये म्हणून बंधनं येत गेली आणि 2020 च्या अँड्रॉइड 11 ने ती कडक केली. ती बंधनं असायलाच हवीत. पण त्यात झाकली जातात ती ‘अँड्रॉइड’ या फोल्डरच्या आतली ‘डेटा’सारखी फोल्डरं, जिथे अ‍ॅप्सचा खासगी माल असतो. ‘डाउनलोड’ हे सामायिक फोल्डर आहे. ते वापरणाऱ्याचं आहे. शिवाय फाइल मॅनेजरसारख्या अ‍ॅपला सगळ्या फाइल्स बघण्याची वेगळी परवानगी देण्याची सोय त्याच अँड्रॉइड 11 मध्ये आहे. सेटिंग्जमध्ये विशेष परवानग्यांच्या यादीत तुमच्या अ‍ॅपसमोर ती परवानगी चालू आहे, मी बघितली. परवानगी आहे, म्हणून तर सफाईच्या यादीत अहवाल आला. तेव्हा गुगलचं नाव पुढे करू नका. तो चौकोन रिकामा तुम्ही ठेवला आहे, तुमच्या ब्राउझरकडे माणसं वळावीत म्हणून. याहून वेगळं कारण असेल तर लेखी कळवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कागदांचीही तीच गत आहे. ते नव्या अँड्रॉइडमध्ये ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’च्या आत, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये, ‘व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स’ इथे साठतात. हे फोल्डर बंद नाही. तुमचं जुनं अ‍ॅप तिथपर्यंत नेत होतं. नव्यात ‘अंतर्गत स्टोरेज’ तळाशी, जाहिरातीच्याही खाली, बारीक अक्षरात आहे. मला ते सापडलं, पण तुमच्या हेल्पलाइनच्या माणसाला ते आहे हेच माहीत नव्हतं. मी शेवटी त्याला सांगत होतो, की खाली सरकवा, तळाशी आहे, आणि तो मला रीस्टार्ट करायला सांगत होता.

आमच्या घरातले सगळे फोन तुमच्या कंपनीचे आहेत. आमच्या इमारतीत माझ्या सांगण्यावरून लोकांनी तुमचे फोन घेतले, त्यात माझ्याहून वयाने मोठी माणसं आहेत. पेन्शनची पावती, आधारची पीडीएफ, दवाखान्याचे रिपोर्ट हे सगळं आता त्यांना फोनमध्येच मिळतं. लिफ्टपाशी थांबवून ती मला विचारतात, की सचिव, माझी फाइल कुठे गेली? त्यांनाही तुमच्या माणसाने ‘या वयात होतं’ असंच सांगितलं असेल. मला त्याचा फार राग येतो.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. ‘डाउनलोड’ या चौकोनात डाउनलोड फोल्डरमधली प्रत्येक फाइल दिसली पाहिजे, ती कोणत्याही अ‍ॅपने उतरवलेली असो. ते जमत नसेल तर त्या चौकोनाला तुमच्या ब्राउझरचं नाव द्या आणि ‘एकही फाइल नाही’ हे खोटं वाक्य काढा. सफाईच्या यादीत पीडीएफपुढे आधीच केलेली खूण बंद करा. आजच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, सुरुवातीलाच तसं ऐकवलं होतं. ते ऐका आणि ग्राहकाचं वय काढल्याबद्दल लेखी माफी मागा. सर्व्हिस सेंटरमध्ये फाइल दिसत नाही म्हणून येणाऱ्या माणसाला रीसेटचा फॉर्म पुढे करणं थांबवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच दाद मागता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याचीही सक्ती नाही. कागद लावायची मला सवय आहे. फोनचं बिल, सर्व्हिस सेंटरचा न भरलेला फॉर्म, रिकाम्या चौकोनाचा आणि सफाईच्या यादीचा स्क्रीनशॉट या पत्राला जोडले आहेत. दोन्ही स्क्रीनशॉटवर तारीख एकच आहे आणि वेळेत काही मिनिटांचं अंतर आहे. एकात फाइल नाही, दुसऱ्यात आहे.

मला फोन करू नका. जे सांगायचं ते लिहून पाठवा, आणि त्यावर नाव व हुद्दा असलेल्या माणसाची सही असू द्या.

आपला ग्राहक,
सचिव, गृहनिर्माण संस्था,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)