मुलांबरोबर वाकून पाहणाऱ्यांचे आभार

आमच्या मुलांना ओढ्याकाठी, माळावर घेऊन जाणाऱ्या ताई-दादांनो, तुमचे मनापासून आभार.

"गांडुळाला नाक कुठे असतं?" या प्रश्नावर तुम्ही हसला नाहीत. ओल्या तळहातावर ते अलगद ठेवलंत आणि सांगितलंत, ते त्वचेतूनच श्वास घेतं. त्वचा कोरडी पडली की गुदमरतं. मग मुलांनीच घाईघाईने त्याला ओल्या मातीत सोडलं! दया दाखवा, असं कुणाला सांगावंच लागलं नाही.

उत्तर येत नसेल तेव्हा "चल, शोधू या" म्हणालात, हे मला फार मोलाचं वाटतं. अबोल मुलाच्या हाती भिंग आधी दिलंत, तेही पाहिलं. आता मुलं दगड उचलून खाली डोकावतात आणि होता तसाच परत ठेवतात.

पुढच्या फेरीला काही लागलं तर आम्हा पालकांना हक्काने सांगा.