भिंतीच्या ओलीचा माग

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. बेडरूमच्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर फूटभर ओल, रंगाचे पोपडे, पांढरी भुकटी, आणि भिंतीपलीकडे बाथरूम. रंगारी म्हणतो तसा डॅम्पप्रूफचा (ओल अडवणाऱ्या लेपाचा) हात आत्ता मुळीच मारू देऊ नकोस. पाणी येतच राहिलं तर तो थर फुगून सुटेल, नाहीतर ओल बाजूने वाट काढून दुसरीकडे उगवेल.

आधी पेन्सिल घे. डागाच्या कडेने रेघ ओढ, शेजारी तारीख घाल आणि रोज ठरावीक वेळी बघ. पावसाची उघडीप असतानाही डाग रेघेबाहेर गेला तर पाणी घरातलंच. पाऊस लागल्यावर एक-दोन दिवसांनी वाढला तर बाहेरची भिंत किंवा खिडकी तपासावी लागेल. जमिनीतून चढणारी ओल भिंतभर पट्ट्यासारखी दिसते, पण तू दुसऱ्या मजल्यावर राहतोस, तेव्हा तो विचारच नको. भुकटी चिमूटभर पाण्यात टाकून बघ. विरघळली तर ते क्षार, म्हणजे पाणी विटा-सिमेंटमधून झिरपत आलंय. तळाशी बसली तर बहुधा नुसती सुटलेली पुट्टी.

तुझा संशय बाथरूमवर आहे आणि मलाही तसंच वाटतं. पण बाथरूममध्ये पाणी निसटायच्या जागा तीन: भिंतीतले पाइप, लादी आणि ड्रेनेज. एका वेळी एकच तपास.

पाइपांसाठी प्लंबरला प्रेशर टेस्टचा हातपंप घेऊन बोलाव. गीझर आणि मिक्सर सोडवून तोंडं प्लगने बंद करायची, लाइनमधली हवा काढायची, मग पंपाच्या काट्यावर ५ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दिसेपर्यंत दाब द्यायचा. प्लॅस्टिकचा पाइप थोडा ताणतो, त्यामुळे काटा सुरुवातीला जरासा उतरतो. तेवढा दाब पुन्हा भरून घ्या आणि तासभर बघा. त्यानंतरही काटा घसरत राहिला तर गळती पक्की. गरम आणि थंड लाइन वेगवेगळ्या तपासायला सांग, म्हणजे उगाच दोन्हीकडची भिंत फोडावी लागणार नाही.

काटा स्थिर राहिला तर लादीकडे वळ. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखाली सांडपाणी जातं त्या भांड्याच्या, तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंब आणि उंबऱ्याच्या खाली राहील असं इंचभर पाणी साठव. टाइलवर पातळीची खूण कर. शेजारी पाण्याने भरलेलं घमेलं ठेव आणि त्यालाही खूण कर. २४ तासांत घमेल्यात जेवढं उतरेल ती वाफ; लादीवरचं त्याहून जास्त उतरलं तर सांध्यांतून किंवा भिंतीच्या कोपऱ्यातून पाणी खाली जातंय. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेव, आणि त्यांच्या बाथरूमचं छतही बघून ये. ट्रॅपभोवती तिथे ओल असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

पातळी टिकली तर फडकं काढून चार-पाच बादल्या एकदम ट्रॅपमध्ये सोड. त्यानंतर डाग वाढला तर दोष ट्रॅपच्या किंवा पाइपच्या जोडात. पाण्यात नीळ घालायला लोक सांगतात. घाल, पण भिंतीवर निळं दिसलं नाही म्हणून गळती नाही असं समजू नकोस. रंग वाटेत विटांमध्ये गाळला जातो.

इथे घाई केली की फसगत होते. लादीखाली विटांच्या तुकड्यांचा भराव असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि वापर थांबवल्यावरही काही दिवस पाझरतं. म्हणून कालच्या चाचणीची ओल आजच्या चाचणीच्या नावावर जाते. शक्य असेल तर आधी आठवडाभर ते बाथरूम बंद ठेव, आणि दोन चाचण्यांत चार दिवस जाऊ दे.

सांधे गळत असतील तर जुनं ग्राउट (लाद्यांच्या फटींतलं भरण) खरवडून एपॉक्सी ग्राउट भर. ट्रॅपचा जोड असेल तर तेवढ्या लाद्या उचलाव्याच लागतील. वरून सिमेंटचं पाणी ओतून तो बसत नाही.

भिंतीचं काम शेवटी. डागाच्या पुढे फूटभर प्लास्टर विटेपर्यंत काढायचं आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे. धुतले तर विरघळून पुन्हा आत मुरतात. मग भिंत उघडी ठेवायची. ४ इंची विटेची भिंत वाळायला तीन-चार महिने धर. रंगारी कुरकुरेल, त्याला थांबव.

पेन्सिलीच्या रेघेचा आठवड्याभराचा हिशेब मला कळव. आणि मधल्या काळात ते कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेव.

तुझा,
सदा