मिस्त्रीकाका, आमच्या खुराड्यांसाठी मनापासून आभार

प्रिय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

तोंडी आभार मानले असते तर "असू द्या हो" म्हणून तुम्ही हत्यारांची पिशवी उचलली असती. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांची खुराडी तुम्ही नीट करून दिलीत, आणि ती करताना प्रत्येक स्क्रूमागचं कारण सांगितलंत. तुमचं काम आमच्यापुरतं आहे, पण ती कारणं कुणाच्याही उपयोगी पडतील. म्हणून जी पक्की लक्षात राहिली ती इथे मांडतोय.

पहिले आभार दिव्याच्या परीक्षेचे. अंधार पडल्यावर रिकाम्या खुराड्यात प्रखर दिवा ठेवायचा, दार लावायचं आणि बाहेरून चारही बाजूंनी बघत फिरायचं, तेही गुडघ्यावर बसून. उजेड दिसेल तिथे खडूने खूण करायची. आपण उभ्याने बघतो. मुंगूस, घूस आणि साप जमिनीलगत बघतात, त्यामुळे आपल्याला न दिसणारी फट त्यांना आधी सापडते. मग मापं घ्यायची. छोट्या उंदराला पाव इंचाहून जराशी मोठी फट पुरते. मोठ्या उंदराला पाऊण इंच मिळालं की तो आत. जिथे डोकं शिरलं तिथे अंग शिरतं, हे धरूनच चालायचं. बहुतेक फटी भिंतीत नसतातच. त्या दाराच्या खालच्या कडेला, पत्र्याच्या नळ्या जिथे वाश्यावर टेकतात तिथे, आणि अंड्यांच्या पेटीच्या झाकणाच्या बिजागरीपाशी असतात. पत्र्याच्या नळीखालची पोकळी दिसायला किरकोळ, पण उंदरांचा नेहमीचा रस्ता तोच.

ही परीक्षा झाल्यावर लोक घाबरून सगळं पोत्यांनी आणि प्लॅस्टिकने बंद करून टाकतात. ते तुम्ही होऊ दिलं नाहीत, याचे आभार वेगळे मानायला हवेत. वरच्या झरोक्यांतून उजेड येऊ दे, वारा येऊ दे, फक्त जनावर येता कामा नये. झरोका कोंबड्यांच्या डोक्याच्या वर हवा, म्हणजे झोपलेल्या पक्ष्यांवर थेट वारा लागत नाही आणि ओलसर, अमोनियाची हवा वरून निघून जाते. सकाळी दार उघडून, कोंबड्या रात्री ज्यावर बसतात त्या दांडीच्या उंचीवर नाक नेलं आणि डोळे चुरचुरले, तर हवा कमी पडतेय. अशा खुराड्यात मुंगूस शिरणार नाही, पण कोंबड्यांची छाती धरेल.

आता जाळी. बाजारात "कोंबडीची जाळी" म्हणून जी पातळ, षटकोनी छिद्रांची जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा तिला पंज्याने फाडतो, उंदीर कुरतडतो, आणि एवढ्या मोठ्या छिद्रातून हात घालणारं जनावर जाळीला टेकून झोपलेल्या पक्ष्याची मान ओढतं. तुम्ही लावायला लावलीत ती अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश, म्हणजे सांध्यांवर वेल्डिंग केलेली तारेची जाळी, निदान १९ गेजच्या तारेची. खालच्या दोन फुटांत कुत्र्यांचा त्रास असेल तर १६ गेज. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे नव्या माणसाला आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो हौसेने २२ गेज घेऊन येतो. आणखी एक बारकावा तुमच्याकडूनच कळला: वेल्डिंग करून मग जस्त चढवलेली जाळी घ्यायची. आधी जस्त चढवलेल्या तारांना वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो. पिल्लांच्या पेटीला मात्र पाव इंची जाळी, कारण अर्ध्या इंचातून छोटा उंदीर आणि सापाचं पिल्लू येऊ शकतं.

जाळी चांगली आणि ठोकलेली वाईट, हा प्रकार फार दिसतो. स्टेपलरच्या पिना लाकडात जेमतेम पाव-अर्धा इंच जातात, लाकूड भिजून सुकलं की सैल होतात, आणि कुत्र्याने दोन धक्के दिले की ओळीने सुटत येतात. तुमची पद्धत अशी: दर चार ते सहा इंचांवर रुंद वायसर घालून दीड इंची स्क्रू, किंवा जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी दाबून तिच्यातून स्क्रू. जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला लावायची, म्हणजे जनावराने ढकललं तरी ती चौकटीवरच दाबली जाते. आतून लावली तर प्रत्येक धक्का थेट स्क्रूवर येतो. दोन जाळ्यांचा जोड निदान दोन-तीन इंच एकमेकांवर चढवून तारेने शिवायचा.

जमिनीत जाळी किती खोल पुरायची, यावर लोक तासन् तास वाद घालतात. तुम्ही तो वाद एका वाक्यात संपवलात: पुरायचीच नाही, अंथरायची. भिंतीच्या तळाशी काटकोनात वळवून दीड ते दोन फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरायचा, टोकं खुंट्यांनी दाबायची, वर माती आणि दगड. खणणारं जनावर भिंतीला नाक लावूनच उकरायला लागतं. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा, हे त्याला सहसा सुचत नाही. खणायचे कष्ट वाचतात आणि जाळी कुठे गंजली ते माती बाजूला करून तपासताही येतं. फक्त खुराड्याच्या कोपऱ्यांवर पट्ट्यात खाच राहते, तिथे वेगळा तुकडा जोडायला हवा. कोपरा उघडा सोडला तर बाकी सगळा पट्टा वाया.

दाराच्या कड्यांबद्दल थोडक्यात. जी कडी नुसती वर उचलली की निघते, ती धक्क्याने किंवा नाकाने ढकलूनही निघते. प्रत्येक दाराला, अंड्यांच्या पेटीच्या झाकणालासुद्धा, दोन वेगवेगळ्या हालचालींनी उघडणारी कडी हवी: आधी दाबायची, मग सरकवायची. साधी कडी असेल तर कोयंड्यात स्प्रिंगचा हूक अडकवला तरी काम भागतं. मोठं दार खालच्या कोपऱ्यात वाकतं म्हणून तिथे दुसरी कडी.

घार आणि शिक्रा यांच्यासाठी दिवसाच्या मोकळ्या जागेवर दोन इंची जाळं ताणलं तरी पुरतं, कारण तिथे अडवायचं आहे ते पंख पसरून झेप घेणाऱ्याला. जाळं सैल ठेवू नये, पक्षी अडकून मरतात. चमकत्या पट्ट्या आणि बुजगावणं चार दिवस चालतं, मग घार त्यावरच बसते.

तुमची आणखी एक गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली. नुकसान झाल्यावर लगेच झाडलोट करायची नाही. आधी खुणा वाचायच्या. एका जागी गोलाकार पडलेली उपटलेली पिसं आणि छातीचं मांस खाल्लेलं, तर शिकारी पक्षी. अनेक कोंबड्या मेलेल्या, इकडेतिकडे विखुरलेल्या आणि जवळपास न खाल्लेल्या, तर बहुधा कुत्रा. मानेवर आणि डोक्यामागे बारीक दातांच्या खुणा, तर मुंगसासारखं छोटं जनावर, आणि मग फट शोधायची ती मुठीहून लहान. मेलेलं पिल्लू तसंच पडलंय पण डोकं-मान ओली, चिकट, तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलंय. रातोरात पिल्लं एकेक करून गायब आणि भिंतीशी ताजं बीळ, तर उंदीर किंवा घूस. गुन्हेगार चुकीचा ठरवला की उपायही चुकीच्या ठिकाणी होतो. घारीसाठी वर जाळं ताणून काय उपयोग, येणारा खालून येत असेल तर? साप दिसला तर मारायचा नाही, काठीने डिवचायचाही नाही, लांब उभं राहून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला बोलवायचं, हेही तुम्ही दर वेळी बजावलंत.

पण आमच्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम दिसत नाही, ते दांड्यांच्या टोकांशी आहे. लाल किडा, म्हणजे कोंबड्यांचं रक्त पिणारा लाल माइट, पक्ष्याच्या अंगावर राहत नाही. दिवसभर तो लाकडाच्या चिरांत, दांडीच्या खाचेत, खिळ्याच्या डोक्याखाली बसतो, रात्री येऊन रक्त पितो आणि परत जातो. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला आठवडाभर पुरतो, आणि पक्षी नसले तरी तो महिनोन् महिने उपाशी जगतो. म्हणून नुसत्या कोंबडीला पावडर लावून काही होत नाही आणि खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही काही होत नाही. पक्ष्यांचं रक्त पिणाऱ्या मऊ गोचिडाचीही हीच तऱ्हा. तो तर याहून चिवट.

तुम्ही दांड्या खिळ्यांनी ठोकल्याच नाहीत. भिंतीवर यू आकाराचे खोबण ठेवून त्यात दांडी नुसती बसवलीत. उचलली की निघते, टोकं खरवडता येतात, उन्हात टाकता येते. फळ्यांचे जोड भरून घेतलेत, खडबडीत लाकूड रंधून गुळगुळीत केलंत. किड्याला बसायला जागाच कमी. खुराडी झाकायला जुन्या, साल असलेल्या फळ्या फुकट मिळतात म्हणून वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. सालीखाली किड्यांची वसाहत होते.

तपासायची रीतही तुमचीच: अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी विजेरी घेऊन जायचं आणि दांडीच्या खालच्या बाजूला पांढरा कागद घासायचा. लाल रेघा उमटल्या तर किडा आहे आणि पोटभर प्यायलेला आहे. त्याआधीची लक्षणं म्हणजे तुरा फिका पडणं, अंडी कमी होणं, आणि संध्याकाळी कोंबड्या आत जायला कुरकुरणं. खुडूक कोंबडी अंड्यांवरून अचानक उठली, तरी पेटी आधी तपासावी. सापडला तर सगळा भुसा काढून लांब टाकायचा, दांड्या काढायच्या, फटी खरवडून जोराच्या पाण्याने धुवायच्या, पूर्ण वाळू द्यायचं, मग पशुवैद्यकांनी सांगितलेलं औषध फटींत मारायचं. आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी अंडी वाचतात. दुसरी फवारणी टाळणारा पहिलीचे पैसे आणि कष्टही पाण्यात घालतो. औषध मारल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे त्याच वेळी विचारून घ्यायचं.

उवांचं वेगळं. त्या अंगावरच असतात, शेपटीखाली पिसं बाजूला केली की पिवळसर, भराभर पळणाऱ्या दिसतात आणि पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पांढरे गठ्ठे. इथे पक्ष्यालाच औषध, आठवडा-दहा दिवसांनी परत. कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख यांची अंघोळीची पेटी छपराखाली ठेवली की रोजचा बंदोबस्त होतो. राख ओली होऊ द्यायची नाही, ओली राख कातडी जाळते. पायांचे खवले उचललेले, खरबरीत दिसले तर तो आणखी वेगळा किडा: कोमट साबणपाण्याने मऊ ब्रशने पाय धुवायचे, वाळवायचे, पेट्रोलियम जेली जाड चोपडायची, आणि हे दर तीन-चार दिवसांनी काही आठवडे. रॉकेल लावायची जुनी सवय सोडा, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. त्यानं कोंबडीची कातडी भाजते.

उंदरांबद्दल तुमचं म्हणणं साधं होतं: उंदीर कोंबडीसाठी येत नाही, दाण्यासाठी येतो. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाद्य खाते. तेवढंच मोजून घालायचं, संध्याकाळी उरलेलं उचलायचं, साठा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. प्लॅस्टिकची पिंपं उंदीर एका रात्रीत कुरतडतो. खुराडं जमिनीपासून निदान एक फूट उंच, म्हणजे खाली बिळं करायला आडोसा राहत नाही. विष कोंबड्यांच्या आवारात कधीच नको: विष खाऊन सुस्तावलेला उंदीर कोंबडी चोच मारून खाते आणि विष तिच्याही पोटात जातं.

एका बाबतीत मात्र आमच्यातल्या काही जणांचं तुमच्याशी अजून पटत नाही. आपोआप बंद होणाऱ्या दाराला तुम्ही "आळशांचं खेळणं" म्हणता. वेळेवर घरी न पोचणाऱ्या माणसाला ते दार हवंच, असं आम्हाला वाटतं. पण तुमच्या हरकती खऱ्या आहेत. उजेडावर चालणारं दार ढगाळ संध्याकाळी लवकर पडतं आणि उशिरा येणारी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, बाहेर राहते. खालच्या खाचेत भुसा साचला की दार बोटभर उघडं राहतं. हलकं पत्र्याचं दार खालून नखाने उचलता येतं. म्हणून आम्ही उजेडाच्या जोडीला वेळेची मर्यादा लावतो, खालची खाच काढून टाकून दार उंबरठ्याच्या पुढे उतरू देतो, आणि बंद झाल्यावर दार स्वतः अडकणारं घेतो. आत आलेल्या कोंबड्यांची मोजणी तरीही माणसानेच करायची, हे आम्हाला मान्य आहे.

तुमच्या हातच्या कामाबद्दल आणि ते करताना न कंटाळता दिलेल्या उत्तरांबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. काकूंना नमस्कार सांगा.

आपले,
परसात कोंबड्या पाळणारे शेजारी

ता. क. उरलेली अर्धा इंची जाळी टाकून दिलेली नाही. तिचे तुकडे कापून ठेवलेत, कोपऱ्यांच्या खाचांसाठी. कडा हातमोजे घालून आत वळवल्यात, तुम्ही सांगितलं होतं तशाच. पुढच्या वेळी याल तेव्हा फक्त वायसरचे स्क्रू घेऊन या.